क्रियापद गिळू नका: आगमनकाळातल्या शास्त्रपाठांविषयी

प्रश्न असा आहे: "यंदा आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी, एका रविवारी उपासनेत वाचायचा बायबलचा शास्त्रपाठ माझ्याकडे आला आहे. मला वाचनाची सवय आहे, उच्चारही बरे आहेत. तरी मागे एकदा वाचल्यावर दोघातिघांनी सांगितलं की आवाज नीट आला, पण काय वाचलं ते लक्षात राहिलं नाही. या काळातले पाठ वाचताना नेमकं काय सांभाळायचं?"

आवाज पोचला आणि अर्थ पोचला नाही, असं होतं तेव्हा दोष सहसा उच्चारांत नसतो, वाक्याच्या शेवटी असतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि वाचणाऱ्याचा श्वासही नेमका तिथेच संपत आलेला असतो. कर्ता, कर्म, विशेषणं खणखणीत ऐकू येतात आणि क्रियापद ओठांतल्या ओठांत विरून जातं. एरवी ऐकणारा अंदाजाने वाक्य पुरं करून घेतो. आगमनकाळात ते जमत नाही, कारण या चार रविवारांच्या पाठांतलं अभिवचन बहुतेक क्रियापदातच साठवलेलं असतं: येईल, फुटेल, नांदेल, होईल, करीन.

नकार असेल तर नुकसान आणखी मोठं होतं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात राष्ट्रं तलवारी मोडून त्यांचे फाळ करतील असं म्हटलं आहे, आणि पुढे, ती यापुढे युद्ध शिकणार नाहीत. हा 'नाहीत' अगदी टोकाला येतो. तो गिळला गेला तर मागच्या बाकावरच्या माणसाला 'युद्ध शिकणार' एवढंच ऐकू जातं, म्हणजे संदेष्ट्याच्या बोलण्याच्या बरोबर उलट. अकराव्या अध्यायात तेच: येणारा राजा नुसतं डोळ्यांना दिसेल त्यावरून न्याय करणार नाही, पवित्र डोंगरावर कोणी उपद्रव करणार नाही. मत्तयाच्या २४व्या अध्यायात तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही. लूकमध्ये गब्रीएल देवदूत मरीयेला भिऊ नकोस म्हणतो आणि शेवटी सांगतो की देवाला काहीच अशक्य नाही. या सगळ्या ठिकाणी सुवार्ता 'नाही'मध्ये आहे. ती ऐकू आलीच पाहिजे.

उपाय साधा आहे, पण सवय लागायला वेळ जातो. पाठाची छापील प्रत काढा आणि प्रत्येक वाक्याच्या क्रियापदाखाली रेघ ओढा. मग फक्त ती क्रियापदंच ओळीने मोठ्याने वाचा. यशयाचा ३५वा अध्याय असा वाचून पाहा: रान हर्षेल, आंधळ्यांचे डोळे उघडतील, लंगडा उड्या मारील, मुक्याची जीभ गाईल, आणि शेवटी दुःख व उसासे पळ काढतील. नुसत्या क्रियापदांतूनच सगळा पाठ उभा राहतो. त्यानंतर पूर्ण वाक्यं वाचा. लांब वाक्यात शेवटच्या पदबंधाच्या आधी एक छोटा श्वास घ्या, म्हणजे शेवटच्या शब्दापर्यंत हवा पुरेल. क्रियापदावर हातोडा मारायचा नाही, तेही कानाला खटकतं. पूर्णविरामापर्यंत आवाजाची पातळी टिकवली की पुरे.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. आपल्याला नाताळ माहीत आहे. ज्यांनी हे शब्द पहिल्यांदा ऐकले त्यांना तो माहीत नव्हता. यशया ७ मध्ये यहूदाचा राजा आहाज घाबरलेला आहे, अराम आणि इस्राएल यांनी मिळून त्याच्यावर चाल केली आहे. संदेष्टा त्याला चिन्ह माग म्हणतो, तो वरवर भक्तीचं बोलून टाळतो, आणि संदेष्टा वैतागून विचारतो की माणसांना कंटाळवलंत ते पुरे नाही म्हणून आता माझ्या देवालाही कंटाळवता काय? कुमारी गर्भवती होईल आणि पुत्राचं नाव इम्मानुएल ठेवील, हे त्या रागाच्या पाठोपाठ येतं. पुष्कळ जण ती ओवी आली की आवाज एकदम मऊ करतात, शुभेच्छापत्रातली ओळ वाचल्यासारखा. तसं करू नका. आधीच्या ओवीतला ताण तसाच ठेवून पुढे जा, म्हणजे त्या हट्टी, भ्यालेल्या राजालाही देव चिन्ह देतो हे ऐकणाऱ्याला कळेल.

यिर्मया ३३ तसाच आहे. दावीदासाठी नीतिमान अंकुर उगवीन हे अभिवचन येतं तेव्हा यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा आहे आणि संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. तीन ओव्यांचा छोटा पाठ, अर्ध्या मिनिटात संपतो, म्हणून तो बहुधा घाईत वाचला जातो. या तीन ओव्यांसाठी अख्खा अध्याय घरी वाचून या. यशया ६४ तर अभिवचनही नाही. आकाश फाडून तू खाली ये, अशी ती आर्त विनवणी आहे, आणि तिच्यात आमची नीतिमत्ता मळक्या वस्त्रासारखी झाली ही कबुलीही आहे. ती विनवणी म्हणूनच वाचा. उत्तर मिळून गेल्यासारखी वाचली की तिच्यातली तहान जाते, आणि मंडळीत त्या दिवशी खरोखर तहानलेलं कोणी बसलेलं असेल तर त्याला त्या पाठात जागा उरत नाही. आगमनकाळ वाट पाहण्याचा आहे. वाचणाऱ्याने शेवट आधीच आवाजातून सांगून टाकला तर वाट पाहायला काही उरत नाही.

आता कवितेविषयी. संदेष्ट्यांचे बहुतेक उतारे इब्री कवितेत आहेत, आणि तिची ओळ जोडीने चालते: एक गोष्ट म्हणायची, मग तीच जरा वळवून, वाढवून पुन्हा म्हणायची. नवखा वाचक दुसरी ओळ पुनरुक्ती समजून उरकतो. खरं तर दुसऱ्या ओळीत सहसा जोर वाढतो. दोन ओळींच्या मध्ये अगदी लहान विराम आणि जोडी संपल्यावर थोडा मोठा, एवढं पाळलं की कानाला चाल सापडते. ८०व्या स्तोत्रात एक पालुपद तीनदा येतं, आणि दर वेळी देवाला मारलेली हाक लांबत जाते: आधी 'हे देवा', मग 'हे सेनाधीश देवा', शेवटी 'हे परमेश्वरा, सेनाधीश देवा'. तीनही वेळा एकाच सुरात वाचलं तर ही चढण हरवते. आवाज मोठा करायची गरज नाही, हाकेला तिची पूर्ण लांबी द्या.

यशया ४०च्या पहिल्या अकरा ओव्यांवर एक संध्याकाळ घालवा. सगळ्या आगमनकाळात वाचायला याहून अवघड आणि याहून सुंदर उतारा मला माहीत नाही. अडचण ही की त्यात बोलणारे बदलत राहतात. आधी देव सांत्वन करा, सांत्वन करा म्हणतो. मग एक वाणी ऐकू येते. मग आणखी एक वाणी घोषणा कर म्हणते, कोणीतरी विचारतो, काय घोषणा करू? सर्व देह गवत आहे हे उत्तर येतं. त्यानंतर सियोनेला, म्हणजे यरुशलेमला, उंच डोंगरावर चढून ओरडायला सांगितलं जातं. बोलणारा बदलला की ऐकणाऱ्याला ते कळलं पाहिजे, पण वेगवेगळे आवाज काढायचे नाहीत, नाटक करायचं नाही. देवाचा म्हणून घोगरा, खोल आवाज काढणं तर कटाक्षाने टाळा, लोकांचं लक्ष वचनावरून तुमच्यावर येतं. विराम, आणि विरामानंतर थोडी वेगळी गती, एवढं पुरतं. 'काय घोषणा करू?' हा प्रश्न खरा प्रश्न म्हणून विचारा आणि क्षणभर थांबा. मगच गवत आणि फूल.

तिसऱ्या ओवीत विराम कुठे घ्यायचा हेही ठरवावं लागतं. तिथे कवितेची जोडी अशी आहे: अरण्यात परमेश्वराचा मार्ग तयार करा, रानात आमच्या देवासाठी राजमार्ग सरळ करा. म्हणजे वाणी आधी, मग विराम, मग 'अरण्यात'. मार्काच्या शुभवर्तमानात हेच शब्द येतात तेव्हा अरण्यात ओरडणाऱ्याची वाणी असं वाचलं जातं, कारण तिथे पुढच्याच वाक्यात बाप्तिस्मा करणारा योहान अरण्यात उभा आहे. एकाच रविवारी दोन्ही पाठ असतात तेव्हा दोन वाचकांनी आपापल्या पाठातलं विरामचिन्ह पाहून तसंच वाचावं. एकाने दुसऱ्यासारखं करायला जाऊ नये.

दोन पाठांचं हे नातं अनेकदा दुर्लक्षित राहतं. तीन वर्षांच्या पाठमालिकेत (कोणत्या रविवारी कोणते उतारे वाचायचे याची ठरलेली यादी, जिच्यात दर वर्षी मुख्यतः एका शुभवर्तमानातून वाचतात), म्हणजे कॅथलिक मंडळीत १९६९पासून चालत आलेल्या आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी १९९२च्या सुधारित सामायिक रूपात घेतलेल्या मालिकेत, आगमनकाळाचे पहिले, म्हणजे जुन्या करारातले, पाठ शुभवर्तमानाशी जुळवून निवडलेले आहेत. मत्तयाच्या वर्षात तिसऱ्या रविवारी तुरुंगातला योहान शिष्यांकडून विचारतो की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहू? येशू उत्तर देतो, आंधळे पाहतात, पांगळे चालतात. हे उत्तर यशया ३५ कानात असेल तरच पूर्ण कळतं, आणि ते कानात ठेवणं हे पहिल्या वाचकाचं काम आहे. शुभवर्तमान पाळक किंवा डीकन वाचणार असतील तरी शनिवारी त्यांच्याशी दोन मिनिटं बोला: तुमच्या पाठातले कोणते शब्द माझ्या पाठातून येतात? ते शब्द सावकाश आणि स्वच्छ वाचा. आगमनाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो, आणि पाठमालिकेचं नवं वर्षही तिथूनच सुरू होतं. तेव्हा जुनी वही काढताना वर्ष तपासा. गेल्या वर्षीचा पाठ या वर्षी नसतो.

पत्रांकडे येऊ. रोमकरांस पत्राच्या पहिल्या सात ओव्या मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे, आणि भाषांतरातही ते बरंच लांब राहतं. अशा वाक्याचा कणा आधी शोधावा: पौलाकडून, रोममधल्या तुम्हा सर्वांना, कृपा व शांती असो. बाकी सगळं, म्हणजे सुवार्ता, संदेष्टे, दावीदाचं वंशजपण, पुनरुत्थान, हे कण्याला लागलेलं आहे. कणा थोडा ठळक, बाकीचं थोडं पुढे सरकतं, पण अस्पष्ट कुठेच नाही. ओवीचा आकडा आला म्हणून थांबू नका. नव्या कराराला आजचे ओव्यांचे आकडे १५५१मध्ये मुद्रक रॉबेर एस्तियेनच्या आवृत्तीत मिळाले. पौलाने ते घातलेले नाहीत आणि वाक्य पुष्कळदा त्यांच्यावरून वाहत पुढे जातं. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा शेवट नेमका उलट आहे: सर्वदा आनंदित असा, निरंतर प्रार्थना करा, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. तीन छोट्या आज्ञा. एकेक ऐकणाऱ्याच्या मनात उतरेल इतका अवकाश प्रत्येकीनंतर हवा. फिलिप्पैकरांस पत्रातला 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हा पाठ तिसऱ्या रविवारी येतो. तो वाचताना एवढं मनात असू द्या की लिहिणारा बेड्यांत आहे. मग उगाच चिवचिवाट होत नाही आणि आनंद खरा वाटतो.

नावांची भीती पुष्कळांना असते. अवघड नाव आदल्या दिवशी दहादा म्हणा, आणि वाचताना खात्रीने म्हणा, बस. मला अवघड नावांपेक्षा सारखी वाटणारी नावं जास्त त्रासदायक वाटतात. यशया हा संदेष्टा आणि इशाय हा दावीदाचा बाप, ही जोडी घ्या. यशयाच्या अकराव्या अध्यायाचा पाठ जाहीर होतो आणि पहिल्याच ओवीत इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटतो. त्याच रविवारी रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायात यशया म्हणतो की इशायाचा अंकुर येईल, दोन्ही नावं शेजारीशेजारी. ज्याच्या हातात पुस्तक नाही त्याला ते एकच नाव वाटतं. संदेष्ट्याच्या नावानंतर स्पष्ट थांबा, 'म्हणतो'वर वाक्य टेकवा, मग दावीदाच्या बापाचं नाव घ्या.

लूकच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवात मात्र नावांसाठीच वाचायची आहे. तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष, मग पंतय पिलात, हेरोद, त्याचा भाऊ फिलिप्प, लुसनिया, आणि हन्ना व कयफा हे महायाजक. सात सत्ताधीश आणि त्यांचे प्रांत. वाचक इथे धापा टाकत पळतात आणि 'देवाचे वचन' या शब्दांपर्यंत येईतो दमलेले असतात. नावं संथ, समान वजनाने, राजदरबारात घोषणा व्हावी तशी वाचा. मग थांबा. मग सांगा की देवाचं वचन आलं ते जखऱ्याचा मुलगा योहान याच्याकडे, आणि तेही अरण्यात. लूकने सात नावं रचली ती या वळणासाठी.

मत्तयाची वंशावळ कॅथलिक उपासनेत १७ डिसेंबरला वाचली जाते. इतर ठिकाणी ती अनेकदा गाळतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. ती लयीवर चालते: अमक्याला अमका झाला. त्या लयीत विश्वासाने राहा, वेग वाढवू नका. पण चार ठिकाणी लय अडखळते: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. तिथे आवाजही किंचित सावकाश व्हावा. आणि शेवटी योसेफापाशी आल्यावर 'योसेफाला येशू झाला' असं वाक्य येत नाही. तो मरीयेचा पती, आणि तिच्यापासून येशू जन्मला. इतकी नावं एकाच चालीत ऐकून आलेल्या कानाला हा बदल आपोआप जाणवतो, मात्र चाल तोवर नीट सांभाळलेली हवी.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. पाठाच्या वर छापलेली शीर्षकं संपादकांची असतात, ती वाचू नका. उताऱ्याचं नाव सांगून झाल्यावर पानं उलटण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबा. मेणबत्ती लावण्याचा विधी असेल तर लावणारी मुलं जागेवर जाऊन बसेपर्यंतही. माइक ओठांपासून साधारण वीतभर, जरा बाजूला, म्हणजे प, फ, भ या अक्षरांना फटका बसत नाही. बोलण्यापेक्षा हळू वाचा, पण शब्द सुटे सुटे करून नको, पदबंध एकत्र राहू द्या. सारखं वर पाहायची गरज नाही. एखादं वाक्य थेट लोकांना उद्देशून असेल, 'जागृत राहा'सारखं, तर तिथे पुस्तकातून मान वर करा. बाप्तिस्मा करणारा योहान सापाच्या पिल्लांनो म्हणतो तिथे ओरडू नका, पण दिलगिरीनेही वाचू नका. ठाम वाचा. एखादा शब्द चुकला आणि अर्थ बदलला तर तो पदबंध शांतपणे पुन्हा वाचा. अर्थ बदलला नसेल तर पुढे चला. माफी मागू नका, मंडळीचं लक्ष तुटतं.

पाठ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याकडेही पाहा. लूक ४ मध्ये येशू यशयाच्या ६१व्या अध्यायातून वाचतो आणि प्रभूच्या प्रसादाच्या वर्षापाशी थांबून ग्रंथ गुंडाळतो. मूळ ओवीत पुढे सूडाच्या दिवसाचा उल्लेख आहे, तो त्याने वाचला नाही. आगमनाच्या तिसऱ्या रविवारी हाच अध्याय तुमच्याकडे आला आणि मालिकेत ती ओवी पूर्ण असली तर पूर्ण वाचा. कुठे थांबायचं हे मनाने ठरवू नका. तुम्हाला नेमून दिलेला पाठ हा मंडळीचा आहे. न आवडणारी ओळ हळूच गाळणं किंवा पुटपुटणं हा मंडळीवर अन्याय आहे, असं मी ठामपणे मानते. एखादी ओळ खरंच बोचत असेल तर पाळकांशी आधी बोला.

शेवटच्या शब्दानंतर, आणि तुमच्या उपासनेतलं ठरलेलं समाप्तीवाक्य म्हणण्याआधी, एक पूर्ण श्वास घ्या. नाहीतर ते वाक्य पाठाचाच भाग वाटतं.

सरावासाठी घरातल्या कोणाला तरी पुस्तक न देता समोर बसवा, शक्यतो दुसऱ्या खोलीच्या दाराशी, आणि पाठ एकदाच वाचा. 'कसं झालं?' विचारू नका, लोक चांगलंच म्हणतात. विचारा की कोण बोलत होतं, कोणाशी, आणि काय होईल म्हणाला. जिथे उत्तर अडेल ती ओवी पुन्हा घ्या, तिच्यातलं क्रियापद शोधा आणि तेवढंच वाक्य परत वाचून दाखवा. पाठ रविवारचा असेल तर हे गुरुवारी करा, म्हणजे हाताशी दोन दिवस राहतात.